सहा फोटोंशिवाय नाही

माणसं ओळख झाली की नाव विचारतात, गाव विचारतात, लग्न झालंय का तेही विचारून घेतात. खांबेटेकाकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "माझा नंबर तुला कोणी दिला?"

मी म्हटलं, "ऑफिसच्या नोटीस बोर्डावर नव्या लोकांसाठी यादी लावलीये. त्यात आहे."

फोनवरून पुढचा प्रश्न आला, "यादी कोणी लावली?"

दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. मी नुकतीच पुण्याहून एम्प्लॉयमेंट पासवर सिंगापूरला आले होते. आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये चिप्स तयार करणारी एक कंपनी होती, तिथे माझी सॉफ्टवेअरची नोकरी. काका त्याच कंपनीत तपासणी विभागाचे प्रमुख. राहायला मी त्यांच्याच इमारतीत, दोन मजले खाली. हा योगायोग आहे हे त्यांना पटायला तीन महिने लागले. मला कंपनीने त्यांच्यावर लक्ष ठेवायला तिथे ठेवलंय, असं त्यांचं मत होतं, आणि हे मत त्यांनी मलाच सांगितलं. म्हणजे माझ्यावर विश्वास बसायला लागला होता.

पंचावन्न-छप्पन्न वय, अंगाने किरकोळ, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. चालताना मान किंचित पुढे. कुठलीही गोष्ट आधी डाव्या डोळ्याने बघायची, मग उजव्या, मग दोन्ही. हे मी रंगवून सांगत नाही, त्यांचा धंदाच तो होता. सिलिकॉनच्या पातळ गोल चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या आणि डाग शोधायचा. डाग दिसला की नवा इंजिनिअर लगेच "रिजेक्ट" म्हणायचा. काका म्हणायचे, "थांबा. डाग तीन ठिकाणी असू शकतो. चकतीवर, भिंगावर, नाहीतर तुमच्या डोळ्यात. चकती फिरवा. डाग फिरला तर चकतीवर. भिंग फिरवा. आणि शेवटी डोळे मिटून उघडा." अशा माणसाच्या हाताखालून खराब माल सुटत नसे आणि चांगला माल उगाच टाकला जात नसे. कंपनीत त्यांना मान होता. फक्त त्यांच्याबरोबर जेवायला, एक जण सोडला तर, कोणी बसत नसे.

कारण जेवणाचंही तेच. काका शाकाहारी. आमच्या इमारतीखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या आवारात, भाजी-भात देणारी एक चिनी आंटी होती. काका तिला विचारणार, यात सुकी कोळंबी नाही ना? ती म्हणणार, नाही लाह. (हे "लाह" म्हणजे इथल्या बोलण्याचं नुसतं शेपूट.) मग काका शेजारच्या ज्यूसवाल्याकडे जाऊन हळूच विचारणार, ती कोळंबी घालते का? तो बिचारा काय सांगणार! तो आंटीलाच हाक मारून विचारायचा. तीन वर्षांनी अशी वेळ आली, की काका लांबून येताना दिसले की आंटी आपणहून कढई तिरपी करून तळ दाखवायची. काका वाकून बघायचे आणि म्हणायचे, "आज ठीक दिसतंय." उद्याची हमी त्यांनी कधी दिली नाही.

अशा माणसाला आकाशाचं वेड असावं हे मला आधी विचित्र वाटलं. नंतर वाटलं, दुसऱ्या कुणाला असणार?

सिंगापूरच्या आभाळात तारा दिसला तर पुन्हा नीट बघावं, ते बहुधा चांगीला उतरणारं विमान असतं. वर ढग, खाली दिव्यांचा झगझगाट. पुण्याहून सांभाळून आणलेली दुर्बीण काकांनी दोन वर्षं गॅलरीत उभी केली आणि शेवटी त्यांच्या बायकोने, सुमनकाकूंनी, तिच्यावर टॉवेल वाळत घातला. तेव्हा काकांना इंटरनेटवर सूर्याचा पत्ता लागला. पृथ्वीपासून लांब, अवकाशात, एक यान रात्रंदिवस सूर्याकडे तोंड करून बसलेलं होतं. त्याच्या कॅमेऱ्यात मधोमध एक चकती. खुद्द सूर्य तिच्यामागे झाकलेला, म्हणून त्याच्या आजूबाजूचं अंधुक सगळं दिसायचं. साधारण अर्ध्या तासाने एक फोटो, आणि ते फोटो शास्त्रज्ञ सगळ्या जगासाठी खुले ठेवायचे. कुणीही बघा.

बघायचं काय? तर धूमकेतू. लहान लहान, कुणाला ठाऊक नसलेले धूमकेतू सूर्याच्या इतके जवळ जातात, की बहुतेक त्यातच संपतात. संपण्याआधी काही तास ते या फोटोंत दिसतात. शेपटीबिपटी नाही, नुसता एक करडा ठिपका. फोटोंत असे हजार ठिपके असतात. एकाच फोटोत दिसून नाहीसा झाला तर तो कॅमेऱ्यावर आदळलेला कण. सगळ्यांबरोबर एका दिशेने सरकला तर तारा. स्वतःच्या वाटेने सूर्याकडे निघाला, आणि सलग चार फोटोंत दिसला, तर त्याची जागा मोजून एका वेबपानावर कळवायची. जो आधी कळवेल, त्याचं नाव शोधणारा म्हणून यादीत लागायचं. जर्मनीतला कुणी शिक्षक, चीनमधला कुणी विद्यार्थी, ऑस्ट्रेलियातली कुणी आजी, अशी जगभरची रिकामटेकडी आणि तल्लख माणसं या शर्यतीत होती.

"मला एक हवाय," काका म्हणायचे. "एकच. इथलं काँट्रॅक्ट संपून परत जायच्या आत."

या छंदाबद्दल सगळ्यांनाच संशय. दार लोटून तासन्‌तास कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या नवऱ्याबद्दल मरीन परेड भागात राहणाऱ्या एका बँकवाल्याच्या बायकोने काकूंचे कान भरले. काकूंनी मला नंतर हसत सांगितलं, "एक दिवस न सांगता दार उघडलं गं. बघते तर करडं वर्तुळ आणि हे नाक लावून बसलेले. म्हटलं, चला, सूर्यच आहे."

आता लिमची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशीच येऊन थांबतं.

लिम काकांच्या विभागात टेक्निशियन. चाळिशीचा, उंच, जन्म आणि शाळा आंग मो किओमध्येच, म्हाताऱ्या आईबरोबर राहणारा. काकांना "मिस्टर के" म्हणायचा. त्याचं इंग्रजी मी इथे मराठीत देते आहे, "लाह" तेवढा त्याचाच. जेवताना काकांसमोर बसणारा कंपनीतला तो एकमेव माणूस, आणि त्याचं कारण साधं होतं : काकांचे प्रश्न त्याला टोचत नसत. "तू आज या टेबलावर का बसलास?" असं विचारलं, तर लिम म्हणायचा, "पंखा इथे आहे, मिस्टर के."

काकांनीच त्याला धूमकेतू शोधायला शिकवलं. स्वतः वर्षभर धडपडून शिकलेलं सगळं एका पावसाळी दुपारी त्याच्यापुढे मांडलं. मी तेव्हा तिथे होते, आणि काकांना इतकं खुललेलं मी पुन्हा क्वचित पाहिलं. दोन महिन्यांनी लिमचं नाव यादीत लागलं. मग आणखी एकदा. वर्षाअखेरीला लिमचे चार झाले आणि काकांचा एकही नाही.

प्रत्येक वेळी तोच प्रकार. काकांनी ठिपका पाहिलेला असायचा. मोजलेला असायचा. ते कळवायला जावेत, तर वर आधीच कुणाचं तरी नाव. कधी जर्मन शिक्षकाचं, कधी त्या आजीचं, आणि चारदा लिमचं.

पहिल्या वेळी काका म्हणाले, "छान." दुसऱ्या वेळी त्यांनी आपली नोंदींची वही मिटून ठेवली. तिसऱ्या वेळी घरी जाताना त्यांनी मला विचारलं, "जेवणाच्या सुट्टीत मी फोटो उघडतो, तेव्हा लिम कुठे बसतो?"

"तुमच्यासमोर. स्क्रीनच्या मागच्या बाजूला."

"काचेत दिसत असेल का? माझ्या मागच्या खिडकीच्या?"

मी हसले. पण खरं सांगते, दुसऱ्या दिवशी मी लिमच्या जागेवर बसून खिडकीकडे पाहिलं. संशय सर्दीसारखा असतो, शेजारी बसलं की लागतो. खिडकीत काही नीट दिसत नव्हतं, तरी मी लिमकडे बघायला लागले. तो मान वळवतो केव्हा, कॉफी आणायला उठतो केव्हा. काकांनी पासवर्ड बदलले. स्क्रीनभोवती फाईलचे पुठ्ठे उभे केले. लिमने विचारलं, "ऊन लागतंय का, मिस्टर के?" आणि खिडकीचा पडदा ओढून दिला.

मग एका गुरुवारी बस स्टॉपवर काका मला म्हणाले, "आज सापळा लावलाय." जेवताना त्यांनी लिमला सांगितलं होतं, की मला एक फार अंधुक धूमकेतू दिसतोय, अमुक जागी, पण अजून कळवला नाही. त्या जागी काहीच नव्हतं. काळं आभाळ. "त्याने स्वतःच्या नावावर कळवला, की चोर सापडला."

मला हे आवडलं नाही. तरी मी लिमला काही सांगितलं नाही. मला वाटलं, एकदा होऊन जाऊ दे, म्हणजे या माणसाच्या डोक्यातलं जाईल तरी. आणि थोडी उत्सुकताही होती, ती लपवण्यात अर्थ नाही.

शुक्रवारी सकाळी त्या पानावर नोंद दिसली. जागा तीच, काकांनी सांगितलेली. शोधणाऱ्याचं नाव : खांबेटे. खाली तपासनीसाचा शेरा : इथे काहीही नाही.

त्या पानावर नावाचा रकाना कुणीही भरू शकत असे. लिमने काकांचं नाव भरलं होतं.

काकांची एकच मिरास होती. धूमकेतू एकही नाही, पण खोटी खबरही एकही नाही. चार वर्षांत एकदाही त्यांच्या नावापुढे "काहीही नाही" असं आलं नव्हतं. आता जगभरच्या लोकांनी ते वाचलं होतं.

दुपारी कॅन्टीनमध्ये त्यांनी त्या पानाची प्रिंट लिमच्या नूडल्सच्या वाडग्याशेजारी ठेवली.

"हे तू केलंस?"

"हो. तुम्ही कळवलाच नाहीत, मिस्टर के. मी रात्री पाहिलं, अजून नोंद नाही. म्हटलं, आता तो जर्मन घेऊन जाईल."

"तुला दिसला?"

"नाही. खूप शोधला. नाही दिसला."

"न बघता पाठवलास?"

लिमने आश्चर्याने वर पाहिलं. "तुम्ही म्हणालात, आहे. तुम्ही कधी चुकत नाही, लाह."

इथे काकांनी गप्प बसायला हवं होतं. त्यांचा आवाज चढला. "माझं नाव खराब करायचं होतं तुला. चार मिळाले तरी पोट भरलं नाही." सुपरवायझरपासून साफसफाई करणाऱ्या आंटीपर्यंत सगळे बघत होते. लिमचे कान लाल झाले. त्याने चॉपस्टिक्स वाडग्यावर आडव्या ठेवल्या, खुर्ची आवाज न करता मागे सरकवली आणि तो निघून गेला. नूडल्स तशाच.

मी शेजारच्या टेबलावर होते. सापळा होता, हे त्या जागेवर काकांशिवाय एका माणसाला माहीत होतं, आणि ती मी. मी उठले नाही. त्या दिवसाची लाज मला अजून वाटते.

लिमने काकांशी बोलणं बंद केलं नाही. कामाचं बोलायचा, "मिस्टर के"च म्हणायचा. जेवायला मात्र दुसऱ्या मजल्यावर जायला लागला. आणि यादीत त्याचं नाव पुन्हा दिसलं नाही. त्याने शोधणंच सोडलं होतं. काका रोज यादी बघायचे आणि म्हणायचे, "बघ. चोरी पकडली की चोर थांबतो."

काकूंना मात्र राहवेना. एक दिवस त्यांनी मला वर बोलावून थालीपीठ वाढलं आणि म्हणाल्या, "तू कॉम्प्युटरवाली ना? खरं काय ते काढ की शोधून. हे हल्ली माझ्या चहाकडेसुद्धा तसे बघतात."

शोधण्यासारखं फार नव्हतं. त्या पानावर प्रत्येक नोंदीची वेळ होती, आणि काकांच्या वहीत त्यांच्या प्रत्येक ठिपक्याची. मी दोन्ही शेजारी शेजारी मांडली. लिम चौथा फोटो आला की कळवायचा. जर्मन चौथ्याला. ती आजी तर कधी कधी तिसऱ्यालाच. काका थांबायचे. पाचवा बघायचे, सहावा बघायचे. मग कण तर नाही ना, तारा तर नाही ना, आपल्या स्क्रीनवरचा डाग तर नाही ना, हे बघून, स्क्रीन पुसून, मग कळवायला बसायचे. चौथ्या आणि सहाव्या फोटोत एक तास जातो. त्या एका तासात त्यांचा प्रत्येक धूमकेतू गेला होता. कुणी चोरला नव्हता.

मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी डाव्या डोळ्याने पाहिलं, उजव्या डोळ्याने पाहिलं.

"तुला लिमने पाठवलंय?"

"मला काकूंनी पाठवलंय," मी म्हटलं. मला राग आला होता. "आणि लिमला सापळ्याबद्दल अजून माहीत नाही. तुम्ही सांगणार का मी सांगू?"

काकांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि मला दार दाखवलं. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. कामाची ईमेल यायची, तीसुद्धा दोन जणांना कॉपी करून.

त्यांचं काँट्रॅक्ट त्या वर्षी संपत होतं. सामानाची खोकी बांधून झाली. दुर्बीण काकूंनी कुणाला तरी देऊन टाकली. निघायच्या आधीच्या रविवारी दुपारी माझ्या दाराची बेल वाजली. काका उभे. शर्ट इस्त्रीचा, वरची गुंडी लावलेली.

"लिम कुठे राहतो?"

मी ब्लॉकचा नंबर सांगितला.

"तुला कसं माहीत?" सवयीने निघून गेलं त्यांच्या तोंडून. मग त्यांनी हात हलवला. "जाऊ दे. चल माझ्याबरोबर. मला एकट्याला जमणार नाही."

दहा मिनिटांची वाट. सहा वर्षं ज्याच्यासमोर बसून जेवले, त्याचं घर दहा मिनिटांवर होतं आणि काकांनी ते कधी पाहिलं नव्हतं. लिमने लोखंडी जाळीमागून बघितलं. घरातला बनियन, पायात स्लिपर. त्याने जाळीचं कुलूप काढलं आणि इकडे कुणालाही विचारतात तेच विचारलं, "जेवलात?"

काका उंबऱ्यावरच बोलले. चप्पलसुद्धा काढली नव्हती. "ती जागा खोटी होती. तिथे काही नव्हतं. मी तुला पकडायला सांगितली होती."

आतून लिमच्या आईने चिनी भाषेत कोण आलंय विचारलं, त्याने काहीतरी उत्तर दिलं.

"मी त्या रात्री तीन तास शोधला," तो म्हणाला. "दिसला नाही. मला वाटलं माझे डोळे गेले. म्हणून मी नंतर सोडून दिलं, मिस्टर के."

इतके दिवस मी समजत होते, की लिमने अपमानामुळे शोधणं सोडलं. काकांनाही तसंच वाटत असणार. त्यांनी दाराची चौकट धरली. ते तीन तास मीही वाचवू शकले असते.

"तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत," काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी इंग्रजीत म्हटलं, मग उगाच मराठीतही म्हटलं. नंतर, "कॉम्प्युटर कुठे आहे?"

लिमच्या खोलीत एक पलंग, एक टेबल, एकच खुर्ची. खुर्ची काकांना दिली. लिम पलंगाच्या कडेवर, मी दारात. आईने सोया मिल्कचे तीन ग्लास आणून ठेवले. काकांनी आत काय आहे हे न विचारता ग्लास तोंडाला लावला, हे माझ्या लक्षात आलं. सकाळपासूनचे फोटो लिम एकामागून एक पुढे ढकलत होता आणि त्याने बोट ठेवलं. खाली डाव्या कोपऱ्याकडे, फार अंधुक.

"मला आहेसं वाटतंय," तो चाचरत म्हणाला. "तुम्हाला?"

काकांनी दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. "आहे."

तीन फोटोंत होता. आम्ही चौथ्याची वाट पाहिली. चौथा आला. ठिपका सूर्याकडे थोडा आणखी सरकलेला. लिमने ते पान उघडलं, नावाच्या रकान्यात खांबेटे लिहिलं आणि खुर्चीकडे कीबोर्ड सरकवला. "पाठवा, लाह. चार झाले."

काकांचं बोट त्या बटणावर होतं. मी मनात म्हणत होते, दाबा हो. एवढी वर्षं. एकदा तरी. बोट तिथेच राहिलं. मग त्यांनी ते उचललं आणि लिमकडे बघितलं. असं ओशाळलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

"आणखी एक बघू या का?"

लिमला काय होणार ते माहीत होतं. मलाही माहीत होतं. तरी तो म्हणाला, "बघू या, मिस्टर के. घाई काय आहे."

पाचवा फोटो यायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात लिमने त्यांना पुण्यात घर कुठे आहे, तिथे थंडी किती पडते, असं काय काय विचारलं आणि काकांनी सगळ्याची सरळ उत्तरं दिली. पाचवा आला. ठिपका होता, आता चकतीच्या अगदी जवळ. काकांनी मान हलवली. लिमने पान ताजं केलं.

यादीत वर एक नाव आलं होतं. ओळखीचं नव्हतं, कुठल्या देशाचं तेही कळत नव्हतं. दहा मिनिटांपूर्वीची नोंद.

लिम माझ्याकडे बघायला लागला. मी काकांच्या पाठीकडे. आता ते विचारणार, हा कोण, याला कुणी सांगितलं, हे मला पाठ होतं. त्यांनी ते नाव एकदा वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग उरलेलं सोया मिल्क संपवलं, ग्लास टेबलावर ठेवला आणि लिमच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले,

"त्याला आधी दिसला."